मात, कुरघोडी, वरचढ: इंग्रजीत योग्य क्रियापद कसं निवडायचं

'ते आमच्यापेक्षा संख्येने जास्त होते.' हे वाक्य इंग्रजीत सांगायची वेळ आली की आपण बहुतेक जण 'दे वेअर मोअर दॅन अस इन नंबर' अशी कसरत करतो. ऐकणाऱ्याला अर्थ कळतो, पण वाक्य लंगडतं. इंग्रजीला इथे तीनच शब्द पुरतात: 'दे आउटनंबर्ड अस.'

मराठीत दुसऱ्यावर सरशी करण्यासाठी शब्दांची चंगळ आहे. मात करणे, मागे टाकणे, वरचढ ठरणे, कुरघोडी करणे, कडी करणे, फिकं पाडणे, पुरून उरणे, चारी मुंड्या चीत करणे. यातला प्रत्येक शब्द आपण अचूक जागी वापरतो. इंग्रजीत गेलो की मात्र सगळ्यांना मिळून 'डिफीट' आणि 'बीट' एवढीच दोन क्रियापदं उरतात. इंग्रजीतही चंगळ काही कमी नाही, फक्त ती वेगळ्या पद्धतीने मांडून ठेवलेली आहे. ती मांडणी एकदा लक्षात आली की पाठांतर बरंच कमी होतं.

पायरी पहिली: वाक्यातला 'ने' शोधा

आपण सरशी सांगतो तेव्हा ती कशात झाली हे बहुधा तृतीया विभक्तीत येतं: संख्येने, वेगाने, बुद्धीने, मतांनी, हुद्द्याने. इंग्रजी हाच शब्द उचलते, त्याच्या आधी 'आउट' लावते आणि त्याचंच क्रियापद करून टाकते.

संख्येने भारी पडणं म्हणजे आउटनंबर. मतांनी हरवणं म्हणजे आउटव्होट. लिलावात चढ्या बोलीने मागे टाकणं म्हणजे आउटबिड. हुद्द्याने वरचढ असणं म्हणजे आउटरँक, शस्त्रबळाने वरचढ असणं आउटगन, खर्चाने मागे टाकणं आउटस्पेंड, विक्रीने मागे टाकणं आउटसेल. बुद्धीने मात म्हणजे आउटविट आणि तेजाने फिकं पाडणं म्हणजे आउटशाइन. दर्जातच एवढी तफावत असेल की सामना नावापुरता उरला, तर आउटक्लास.

म्हणून कुठलंही वाक्य हातात आलं की आधी विचारायचं, सरशी कशाने झाली? उत्तरातला शब्द 'आउट'ला जोडून बघायचा. तो शब्द इंग्रजीत आधीपासून असण्याची शक्यता बरीच असते. नसला तरी गंमत म्हणून बनवता येतो. हा साचा अजून जिवंत आहे आणि त्यात नवं क्रियापद ओतलं तरी इंग्रजी वाचक बुचकळ्यात पडत नाही. शेक्सपिअरने तर माणसाचं नावच त्यात ओतलं. आरडाओरडा करणाऱ्या नटांवर हॅम्लेट वैतागतो, तेव्हा तो म्हणतो की हे 'आउट-हेरड्स हेरड' आहे. जुन्या धार्मिक नाटकांतला हेरड राजा रंगमंचावर थयथयाट करण्यासाठी प्रसिद्ध होता. हे नट त्याच्यावरही कडी करतात, असा भाव. आजही एखाद्याच्या खास गुणात त्यालाच कुणी मागे टाकलं की त्याच्या नावाला 'आउट' लावून असा प्रयोग करतात. पण तो लेखनात आणि चेष्टेच्या सुरातच शोभतो, अर्जात किंवा अहवालात नको.

'वजनाने' या शब्दापाशी जरा थांबू. आउटवे हे क्रियापद माणसांच्या वजनाबद्दल क्वचितच येतं. ते येतं फायदे-तोट्यांबद्दल. 'द बेनिफिट्स आउटवे द रिस्क्स' म्हणजे धोक्यांच्या तुलनेत फायद्यांचं पारडं जड. आपल्या 'पारडं जड' मध्ये जो तराजू आहे, तोच त्यांच्या क्रियापदात आहे.

पायरी दुसरी: 'पेक्षा' विसरा

मराठी माणसाची सगळ्यात हमखास चूक इथे होते. 'तो माझ्यापेक्षा वेगाने धावला' हे डोक्यात असतं, म्हणून तोंडातून 'ही आउटरॅन दॅन मी' निघतं. आउटरनमध्ये 'पेक्षा' आधीच मुरलेला आहे, त्यामुळे पुन्हा 'दॅन' घातला की वाक्य बिघडतं. बरोबर वाक्य: 'ही आउटरॅन मी.'

त्यामागचं व्याकरण सोपं आहे. 'रन' हे धावण्याच्या अर्थाने अकर्मक आहे, त्याला कर्म लागत नाही. 'आउट' जोडला की ते सकर्मक होतं आणि कर्माशिवाय अपुरं राहतं. कुणाला मागे टाकलं ते सांगावंच लागतं. नुसतं 'ही आउटरॅन' म्हटलं तर ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट बघत राहतो. फरक किती होता हे सांगायचं असेल तर ते 'बाय' लावून शेवटी येतं. संख्येचं प्रमाण सांगायचं असेल तर 'थ्री टू वन', म्हणजे एकास तीन.

याच घरातली दुसरी चूक 'विन'ची. आपण सामना जिंकतो आणि प्रतिस्पर्ध्याला हरवतो. इंग्रजीतही तसंच आहे: सामना, बक्षीस किंवा निवडणूक 'विन' करतात आणि माणसाला किंवा संघाला 'बीट'. तरीही 'वी वन देम' सर्रास ऐकू येतं. त्याचा अर्थ झालाच तर 'आम्ही त्यांना बक्षिसात मिळवलं' असा होईल. आपल्या 'हरवणे'तही एक खोच आहे. किल्ली हरवते आणि पैलवानालाही हरवतात. इंग्रजीत किल्ली 'लूज' होते आणि पैलवानाला 'बीट' करतात, आणि या दोन क्रियापदांची अदलाबदल चालत नाही.

पायरी तिसरी: समोर माणूस आहे, आकडा आहे की अडचण?

सरपास, एक्सीड, एक्सेल आणि ट्रान्सेंड ही चार क्रियापदं शब्दकोशात शेजाऱ्यांसारखी राहतात. म्हणून लोक ती एकमेकांच्या जागी वापरतात. त्यांची कर्मं मात्र वेगवेगळी आहेत.

एक्सीडच्या समोर मर्यादा किंवा आकडा असतो: वेगमर्यादा, अंदाजपत्रक, ठरलेलं वजन, अपेक्षा. माणूस नसतो. 'ही एक्सीडेड हिज ब्रदर' कानाला खटकतं. भावाला मागे टाकायचं असेल तर सरपास घ्या. सरपासला माणूस चालतो, विक्रम चालतो, अपेक्षाही चालतात. त्यात गुणवत्तेचा भाव आहे आणि सूर जरा औपचारिक आहे. मित्राशी गप्पा मारताना कुणी सरपास म्हणत नाही.

एक्सेलला सहसा कर्म नसतं. 'शी एक्सेल्स अ‍ॅट चेस' म्हणजे ती बुद्धिबळात निष्णात आहे. कुणापेक्षा, हे सांगायची गरज नाही. ब्रिटिश बोलण्यात 'एक्सेल वनसेल्फ' असा प्रयोग आहे, म्हणजे स्वतःच्याच आजवरच्या कामावर कडी करणं. हा कधीकधी टोमणा म्हणूनही येतो. कुणी मोठा घोळ घालून ठेवला की 'यू हॅव एक्सेल्ड युअरसेल्फ', अगदी आपल्या 'आज तर कमालच केलीत' या सुरात.

ट्रान्सेंडसाठी मराठीत तयार जोडीदार आहे: 'अतीत'. कालातीत, गुणातीत, शब्दातीत. हद्दीच्या पलीकडे जाणं, त्या मोजपट्टीतच न मावणं. ट्रान्सेंडमध्ये स्पर्धा नाही, म्हणून प्रतिस्पर्धी कंपनीला कुणी ट्रान्सेंड करत नाही.

आता अडचण. 'मात करणे' आपण माणसावरही वापरतो, आजारावरही आणि भीतीवरही. इंग्रजीत भीतीवर किंवा अडचणीवर मात म्हणजे ओव्हरकम. आजाराच्या बाबतीत रोजच्या बोलण्यात 'बीट'ही चालतं. मागणी पुरवठ्याच्या पुढे गेली असेल तर ठरलेली जोडी आउटस्ट्रिपची: 'डिमांड आउटस्ट्रिप्ड सप्लाय'. जाता जाता, ही 'मात' फारसीतून बुद्धिबळाबरोबर आली. 'शह-मात' मधली मात आणि 'चेकमेट' मधला मेट हे मुळात एकाच शब्दाचे दोन वंशज आहेत.

पायरी चौथी: 'आउट' की 'ओव्हर'?

मला विचाराल तर सगळ्या विषयाची किल्ली इथे आहे. 'आउट' दुसऱ्याशी तुलना करतो. 'ओव्हर' मर्यादेशी. म्हणजे 'आउट'मध्ये वरताण आहे आणि 'ओव्हर'मध्ये अतिरेक.

आउटडू म्हणजे दुसऱ्यावर कडी करणं. ओव्हरडू म्हणजे अति करणं. आउटस्पेंड म्हणजे प्रतिस्पर्ध्यापेक्षा जास्त खर्च; ओव्हरस्पेंड म्हणजे ऐपतीपेक्षा जास्त. आउटबिडमध्ये तुम्ही दुसऱ्या बोलीदाराला मागे टाकता. ओव्हरबिडमध्ये वस्तूच्या किमतीपेक्षा जास्त बोली लावून बसता. लिलावात या दोन गोष्टी एकाच वेळी घडू शकतात, आणि घडतातही. आउटप्ले म्हणजे सरस खेळणं. ओव्हरप्ले म्हणजे एखादी गोष्ट वाजवीपेक्षा फुगवून दाखवणं. आउटग्रो म्हणजे वाढता वाढता एखाद्या गोष्टीच्या पलीकडे जाणं, ओव्हरग्रो म्हणजे माजणं, जसं तण माजतं.

या नियमाला अपवाद आहेत आणि ते ठळक आहेत. ओव्हरटेक, ओव्हरपॉवर, ओव्हरकम आणि ओव्हरव्हेल्म यांत अतिरेक नाही, सरळ सरशी आहे. हे चार वेगळे पाठ करा. ओव्हरव्हेल्मबद्दल एक सावधगिरी: भावनेच्या बाबतीत हे क्रियापद बहुधा कर्मणी येतं. 'आय वॉज ओव्हरव्हेल्म्ड' म्हणजे मला भरून आलं, किंवा मला झेपेनासं झालं. संदर्भावरून ठरवावं लागतं.

आउटलिव्ह, आउटलास्ट, आउटग्रो: 'ने' जिथे चालत नाही

पहिल्या पायरीची युक्ती या तिघांपाशी अडते.

आउटलिव्ह म्हणजे दुसऱ्याच्या मृत्यूनंतरही जगणं. 'शी आउटलिव्ड हर हजबंड बाय ट्वेंटी इयर्स', म्हणजे नवऱ्याच्या मागे ती वीस वर्षं जगली. गंमत बघा, एरवी आपण हरलेल्याला मागे टाकतो आणि इथे जगलेला 'मागे' राहतो. अनुवाद करताना याच जागी मी सुरुवातीला एकदा घसरलो होतो. 'आउटलिव्ड' दिसलं आणि मी 'तिने नवऱ्यापेक्षा चांगलं आयुष्य काढलं' असं लिहून मोकळा झालो. बिचाऱ्या नवऱ्याचं निधन माझ्या मजकुरातून गायबच झालं.

याच अर्थाने सर्व्हाइव्हही येतं, आणि निधनवार्तेत तर हमखास. 'ही इज सर्व्हाइव्ड बाय हिज वाइफ अँड टू चिल्ड्रन' हे आपल्या 'त्यांच्या पश्चात पत्नी व दोन मुले असा परिवार आहे' या वाक्याचं नेमकं रूप. 'ते बायकोमुळे वाचले' असा अर्थ कृपया लावू नका.

वस्तू, व्यवस्था आणि चिकाटी यांच्यासाठी आउटलास्ट घ्या. वेढा पडला, रसद तुटली, तरी आतले लोक बाहेरच्यांना पुरून उरले, तर ते आउटलास्ट. 'पुरून उरणे'ला इतका जवळचा दुसरा इंग्रजी शब्द मला तरी सापडलेला नाही.

आउटग्रोचं कर्म कपडे असतात, सवयी असतात, कधी भीतीही. आपण म्हणतो 'शर्ट आखूड झाला', दोष शर्टाचा. इंग्रजीत 'ही आउटग्रू हिज शर्ट', श्रेय मुलाचं.

पायरी पाचवी: डोक्याने की डावाने?

बुद्धीच्या सरशीला इंग्रजीत बरेच शब्द आहेत आणि त्यांच्यातल्या छटा जपण्यासारख्या आहेत. आउटविटमध्ये हुशारी आणि थोडी चलाखी दोन्ही येतात. हातावर तुरी देणं याच्या जवळ जातं. आउटस्मार्ट तेच सांगतं, पण अधिक बोलभाषेत. आउटफॉक्समध्ये कोल्हा बसलेला आहे, त्यामुळे लबाडीचा अंश आलाच. आउटमनूव्हर म्हणजे हालचालींनी, डावपेचांनी कोंडीत पकडणं. राजकारणातल्या कुरघोडीला हाच शब्द शोभतो. सैन्याच्या बगलेवरून वळसा घालून मात केली तर आउटफ्लँक. आउटथिंक मात्र स्वच्छ आहे, त्यात फसवणूक नाही.

एक उदाहरण घेऊ. १९९७ मध्ये आयबीएमच्या डीप ब्लू या संगणकाने गॅरी कास्पारोव्हला सहा डावांच्या लढतीत साडेतीन विरुद्ध अडीच असं हरवलं. आदल्या वर्षी कास्पारोव्ह ४-२ असा जिंकला होता. १९९७ च्या निकालाला क्रियापद कुठलं लावायचं? 'बीट' निर्धोक आहे. 'आउटविट' मी लावणार नाही, कारण सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासणाऱ्या यंत्राकडे चलाखी होती असं म्हणणं जड जातं. 'आउटकॅल्क्युलेट' नेमकं बसतं. 'आउटक्लास' तर साफ चूक, कारण फरक अवघ्या एका गुणाचा होता.

याच गटात 'गेट द बेटर ऑफ' हा वाक्प्रचार येतो. वादात किंवा भांडणात कुणावर सरशी केली तर तो चालतोच, पण त्याचा खरा गोडवा कर्ता माणूस नसतो तेव्हा कळतो. 'क्युरिऑसिटी गॉट द बेटर ऑफ मी': उत्सुकता अनावर झाली आणि मी ते पाकीट उघडलं. राग, भूक, झोप, भीती, कुणीही कर्ता होऊ शकतं. मराठीत 'अनावर होणे' किंवा 'राहवलं नाही' म्हणा. 'उत्सुकतेने माझ्यावर विजय मिळवला' असं लिहिलंत तर वाचक हसेल.

पायरी सहावी: फरक किती होता?

खेळाच्या बातम्या लिहिणाऱ्यांना ही पायरी रोजची. केसभर फरक असेल तर एज किंवा पिप. पिप ब्रिटिश आहे आणि शर्यतीच्या शेवटच्या क्षणाला लागू पडतो. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये मायकेल फेल्प्सने १०० मीटर बटरफ्लायमध्ये मिलोराद चाविचला ५०.५८ विरुद्ध ५०.५९ सेकंद असं मागे टाकलं. सेकंदाच्या शंभराव्या भागाला पिपच हवा. साधा, नीट विजय म्हणजे बीट. औपचारिक लेखनात डिफीट. धुव्वा उडाला असेल तर थ्रॅश, ट्राउन्स, हॅमर, राउट. २०१४ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात जर्मनीने ब्राझीलचा ७-१ असा धुव्वा उडवला, तिथे नुसतं 'बीट' लिहिणारा बातमीदार झोपेत होता असंच म्हणावं लागेल.

आणि आता इंग्रजीतला एक वेडेपणा. 'बेस्ट' हे क्रियापद म्हणून वापरलं तर अर्थ होतो हरवणं. 'वर्स्ट' हे क्रियापद म्हणून वापरलं तर अर्थ होतो... हरवणंच. 'ही वॉज बेस्टेड' आणि 'ही वॉज वर्स्टेड', दोन्हींत बिचारा हरलेलाच आहे. दोन्ही थोडी पुस्तकी आहेत, दुसरं जास्त. 'बेटर' हेही क्रियापद आहे, पण त्याचं कर्म बहुधा विक्रम किंवा आकडा असतो: आधीची वेळ 'बेटर' केली, म्हणजे तिच्यात सुधारणा केली.

पत्ते, रंगमंच आणि ग्रहण

ट्रम्प पत्त्यांतून आलं: हुकमाचं पान टाकून समोरच्याचा हात मारणं. शब्द 'ट्रायम्फ'चाच झिजलेला अवतार. एखादा मुद्दा बाकीच्या सगळ्यांवर भारी पडतो तेव्हा तो त्यांना 'ट्रम्प' करतो.

अपस्टेज रंगमंचावरचं. जुन्या युरोपीय नाट्यगृहांत रंगमंच प्रेक्षकांकडे उतरता असे, म्हणून मागची बाजू खरोखरच 'अप'. एखादा नट मागे सरकला की त्याच्याशी बोलणाऱ्याला प्रेक्षकांकडे पाठ करावी लागते आणि सगळ्यांचं लक्ष मागच्यावर. दुसऱ्याच्या समारंभात स्वतःवरच प्रकाश ओढून घेणाऱ्याला हे क्रियापद फिट्ट बसतं.

इक्लिप्स म्हणजे झाकोळून टाकणं. आउटशाइन आणि इक्लिप्स यांतला फरक एवढाच की आउटशाइनमध्ये दुसराही चमकत असतो, इक्लिप्समध्ये तो दिसेनासा होतो.

रूपं आणि जोर

मूळ क्रियापदाची रूपं जशीच्या तशी येतात: आउटडू, आउटडिड, आउटडन, आउटरन, आउटरॅन, आउटरन, आउटसेल, आउटसोल्ड. आउटबिड तिन्ही काळांत तसंच राहतं. उच्चारात जोर 'आउट'वर न देता पुढच्या भागावर द्या: आउटडू, आउटविट. जोर पहिल्या भागावर असेल तर बहुधा ते नाम असतं आणि त्यात सरशी नसते: आउटकम, आउटब्रेक, आउटक्राय. आउटरेजचा तर 'आउट'शी आणि 'रेज'शीही मुळात संबंध नाही. तो जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याचं मूळ लॅटिन 'अल्ट्रा'त आहे.

कर्मणी प्रयोगाला घाबरू नका. आउटनंबर्ड, आउटव्होटेड, आउटक्लास्ड ही रूपं कर्मणीत फारच सहज येतात. 'नॉट टू बी आउटडन' हा तयार तुकडा वाक्याच्या सुरुवातीला येतो: 'आपणही काही कमी नाही हे दाखवायला' शेजाऱ्याने काय केलं, ते पुढे सांगायचं.

सराव: एका मैलाची गोष्ट

खालचा मजकूर वाचून 'मोडला', 'सुधारली', 'ओलांडलं' आणि 'हरवलं' या चार जागी इंग्रजी क्रियापद बसवून बघा.

१९४५ पासून एक मैल धावण्याचा विक्रम स्वीडनच्या गुंडर हेगच्या नावावर होता, ४ मिनिटं १.४ सेकंद. ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्डमध्ये रॉजर बॅनिस्टरने ३ मिनिटं ५९.४ सेकंदांत मैल संपवून तो मोडला. अवघ्या ४६ दिवसांनी ऑस्ट्रेलियाच्या जॉन लँडीने ती वेळ सुधारली. ऑगस्टमध्ये व्हँकुव्हरला दोघे समोरासमोर आले. लँडी बराच वेळ पुढे होता. शेवटच्या वळणावर त्याने डाव्या खांद्यावरून मागे पाहिलं, आणि त्याच क्षणी बॅनिस्टरने उजवीकडून त्याला ओलांडलं आणि शर्यतीत हरवलं. ३ मिनिटं ५८.८ विरुद्ध ३ मिनिटं ५९.६.

माझी उत्तरं: पहिल्या जागी 'ब्रोक', 'सरपास्ड'ही चालेल, पण जरा भारदस्त होतं. दुसऱ्या जागी 'बेटर्ड'. 'एक्सीडेड' इथे घोटाळा करील, कारण वेळ एक्सीड झाली तर ती वाढली असा अर्थ होतो. तिसऱ्या जागी 'ओव्हरटुक'. चौथ्या जागी 'बीट', आणि वेगावर भर द्यायचा असेल तर 'आउटरॅन'. 'आउटविटेड' नको, कारण लँडीने वळून पाहणं ही बॅनिस्टरची चाल नव्हती. 'आउटक्लास्ड' तर अजिबात नको: एकाच शर्यतीत दोघांनी चार मिनिटांच्या आत मैल पूर्ण करण्याची ती पहिलीच वेळ होती.